वांग्याचा रंग का उतरतो?

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात होसकोटे परिसरातील एक भाजीउत्पादक खातेदार आमच्या बेंगळुरूच्या शाखेत आले. पीककर्जाच्या परतफेडीस मुदत वाढवून मिळेल काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून दोन वांगी काढून टेबलावर ठेवली. एक जांभळे व तुकतुकीत, दुसरे तांबूस-पिवळट व निस्तेज. दोन्ही एकाच झाडाची! दुसऱ्या प्रकारचा माल अडत्याने निम्म्या भावाने घेतला होता. रोग पडला असे समजून त्यांनी तीन फवारण्या केल्या होत्या आणि औषधांची उधारी कर्जाच्या जोडीला येऊन उभी राहिली होती. "सार, याला रोग तरी कोणता?" हा त्यांचा खरा प्रश्न होता. ताळेबंद वाचणाऱ्या माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरापाशी त्याचे उत्तर नव्हते. ते शोधताना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

रंग येतो कोठून?

वांग्याच्या सालीचा जांभळा रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यामुळे येतो. त्यातील एकाचे नाव वांग्याच्या जपानी नावावरून, म्हणजे 'नासु' या शब्दावरून, 'नासुनिन' असे पडले आहे. हे द्रव्य तयार होण्यास प्रकाश लागतो. म्हणूनच देठाकडील हिरवी टोपी उचलून पाहिल्यास तिच्याखालची साल फिकट आढळते. अर्थात, प्रत्येक वांगे जांभळेच असते असे नाही. उडुपीजवळचे मट्टु गुळ्ळ व जळगावचे भरताचे वांगे हिरवट असते. या दोहोंना अनुक्रमे 2011 व 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा आपण लावलेल्या वाणाचा मूळ रंग कोणता, हे प्रथम ठाऊक असावे.

रोग नव्हे, वय आणि ऊन

वांगे हे कोवळेपणीच तोडावयाचे फळ आहे. झाडावर अधिक दिवस राहिल्यास ते पिकू लागते. साल निस्तेज होऊन तांबूस वा पिवळी पडते, बिया कडक व तपकिरी होतात आणि गरास कडवटपणा येतो. याची परीक्षा सोपी आहे. अंगठ्याने हलकेच दाबावे. खळगा हळूहळू भरून आल्यास फळ तोडणीयोग्य, मुळीच न दबल्यास अपक्व, आणि खळगा तसाच राहिल्यास जून समजावे.

दुसरे कारण उन्हाचे. पाने गळाली किंवा किडीने खाल्ली की फळे उघडी पडतात. मग सूर्याकडील बाजूस फिकट, कागदासारखा कोरडा डाग पडतो. फळाच्या टोकाशी तपकिरी, खोलगट चट्टा दिसल्यास पाणी देण्यातील अनियमितपणा व त्यामुळे फळास न पोहोचलेले कॅल्शियम हे कारण असू शकते. या तिन्ही प्रकारांत बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही. दर चार-पाच दिवसांनी तोडा, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन व नियमित पाणी हाच त्यावर उपाय होय.

खरा रोग कसा ओळखावा?

फोमॉप्सिस नावाच्या बुरशीमुळे फळावर तपकिरी, दबलेले, मऊ डाग पडतात व त्यांवर बारीक काळे ठिपके उमटतात. हा रोग बियाण्यातूनही पसरतो. पेरणीपूर्वी बियाणे 50 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 30 मिनिटे ठेवण्याची शिफारस याचसाठी केली जाते. रोगट फळे वेचून नष्ट करावीत आणि त्याच जागी पुन्हा वांगी, टोमॅटो अथवा मिरची लगेच घेऊ नये.

फळावर छिद्र व आत काळी पडलेली विष्ठा दिसल्यास ती शेंडे व फळे पोखरणारी अळी समजावी. कोमेजलेले शेंडे दर आठवड्यास खुडून नष्ट करणे व कामगंध सापळे लावणे यांनी तिला आवर घालता येतो. याच अळीला तोंड देण्यासाठी तयार केलेल्या बीटी वांग्यावर केंद्र सरकारने ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यांतील अखेरची 6 फेब्रुवारी 2010 रोजी बेंगळुरूतच झाली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी त्या वाणास स्थगिती देण्यात आली.

हिरवेगार झाड एकाएकी मान टाकत असेल, तर जीवाणूजन्य मर रोगाची शंका घ्यावी. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले अर्का केशव, अर्का निधी व अर्का नीलकंठ हे वाण या रोगाचा प्रतिकार करणारे आहेत.

स्वयंपाकघरातील काळवंडणे

चिरलेले वांगे काळे पडते, ते खराब असते म्हणून नव्हे. त्यातील क्लोरोजेनिक आम्लासारखी फिनॉल द्रव्ये, एक विकर व हवेतील प्राणवायू यांचा संयोग झाला की तपकिरी रंग तयार होतो. लोखंडी विळीने तो अधिक गडद होतो. फोडी मिठाच्या अथवा चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत त्यामुळेच शास्त्रशुद्ध ठरते.

शीतकपाटाची गोष्ट मात्र उलटी आहे. साधारण 10 अंशांखालील थंडी वांग्यास दीर्घकाळ सोसत नाही. सालीवर खड्डे व चट्टे पडतात, गर व बिया तपकिरी होतात. दोन-तीन दिवसांपुरतीच वांगी आणून सावलीत, गार जागी, पिकत्या केळ्यांपासून व टोमॅटोंपासून दूर ठेवावीत.

टेबलावरचे ते वांगे दाबून, चिरून पाहिले. खळगा तसाच राहिला आणि बिया तपकिरी निघाल्या. ना बुरशी, ना अळी. मजूर न मिळाल्याने तोडा दहा-बारा दिवस लांबला होता, इतकेच. तीन फवारण्यांचा खर्च अस्तित्वात नसलेल्या रोगावर झाला होता. पुढे त्यांनी घरच्या माणसांकरवी चार दिवसांआड तोडा सुरू केला. झालेले नुकसान काही भरून आले नाही. त्या हंगामात व्याजाची रक्कम तेवढी जमा झाली, मुद्दल पुढच्या पिकावर गेले. परंतु नवी उधारी झाली नाही.

कर्ज देताना आम्ही नेहमी विचारतो, पैसा कशासाठी हवा आहे? औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी शेतकऱ्यानेही हाच प्रश्न स्वतःस विचारावा. डाग कोठे आहे, कसा आहे, फळ किती दिवसांचे आहे, हे आधी पाहावे. त्या पाहण्यास एक पैसाही पडत नाही.