एमआरआयचे चुंबक आणि आपले रक्त

डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा भीतीचा. रक्तात लोह असते हे शाळेत शिकलेलो असतो. मग एवढ्या मोठ्या चुंबकात माणूस झोपवला तर त्याचे रक्त ओढले जाणार नाही का? प्रश्न रास्त आहे. रुग्णालयातील बहुतेक यंत्रे १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट.

परंतु रक्तातील लोह म्हणजे खिळ्यातील लोखंड नव्हे. खिळ्यातील असंख्य अणू एकमेकांच्या साथीने एकाच दिशेला वळतात, म्हणून तो खेचला जातो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे अवघे ४ अणू, तेही एकमेकांपासून दूर. लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ साली दाखवून दिले की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते. हा फरक अतिशय सूक्ष्म आहे. पण त्याच्याच आधारे १९९० साली सेइजी ओगावा यांनी मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे टिपण्याची रीत शोधली. (रक्तातले लोह खेचून रोग बरा करणारी चुंबकीय कडी विकणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे!)

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. विदर्भात अनुसूचित जाती-जमातींत, आणि म्हणून आपल्या बौद्ध बांधवांतही, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. मुरायामा या संशोधकाला १९६५ साली असे दिसले की प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अशा पेशी क्षेत्राला आडव्या वळतात. यावरून शंका निघाली, की आडव्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतील काय? मात्र तो प्रयोग शरीराबाहेरचा होता. शरीरात रक्त सतत वाहते. पाटाच्या पाण्यातले पान पाणी नेईल तसे वळते, वाऱ्याच्या झुळकीने नव्हे. सिकलसेलच्या रुग्णांचे मेंदूचे व खुब्याचे एमआरआय जगभर नेहमी काढले जातात. खुब्याचे हाड झिजू लागल्याचे लवकर कळते ते याच तपासणीत.

पांढऱ्या पेशींविषयीही वाद झाला. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासात, हृदयाच्या एमआरआयनंतर या पेशींतील डीएनएला इजा झाल्याच्या खुणा आढळल्या. पुढे २०१५ व २०१८ च्या अभ्यासांत तसे काही दिसले नाही. एक्स-रे व सीटी स्कॅनमध्ये असतो तसा किरणोत्सर्ग एमआरआयमध्ये नसतो, हे तर निश्चितच.

खरा धोका रक्ताबाहेरच्या लोखंडाचा. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन आत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा जीव गेला. पेसमेकर, मेंदूतील जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, काहीही असेल तर आधी सांगावे. चुंबक चोवीस तास चालू असते. तपासणी संपली तरीही.

सिकलसेलच्या रुग्णाने आपला आजार सांगावाच. तपासणीची खोली थंडगार असते आणि थंडी व शरीरातील पाण्याची कमतरता यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्यावे व अंगावर पांघरूण मागून घ्यावे. शिरेतून औषध टोचून एमआरआय करायचा असेल तर मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे ना, हेही विचारावे, कारण या आजारात मूत्रपिंडे कमकुवत झालेली असू शकतात.