थारमागची जीप

परळीला रेल्वे जुनी, पण बीड शहरातून ती सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. पाटोदा-आष्टीकडच्या वाड्यावस्त्यांना एसटी नसेल तिथे काळी-पिवळी जीपच. दहा माणसं आत, दोन मागे लोंबकळत. हे धंद्याचं वाहन. त्याच्याकडे ‘क्लासिक’ म्हणून बघायला सवड कुणाला? दारात महिंद्राची थार उभी राहू लागली तशी मात्र शेडमधल्या जुन्या जीपकडेही नजर वळू लागली.

थार म्हणताना दोन गाड्या वेगळ्या कराव्या लागतात. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. पुढे त्याच वंशात सीजे आणि एमएम 540 आल्या. 2010 ची थार याच घराण्यातली. ती जुनी दिसे, कारण ती बरीचशी जुनीच होती. 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आलेली थार नव्याने आखलेली आहे. टचस्क्रीन, हवा तर ऑटोमॅटिक गिअर, आणि चेहरा तेवढा आजोबांचा.

या चेहऱ्याचं मोल अमेरिकेत कळलं. पहिल्या थारवर बेतलेली महिंद्राची रॉक्सर ही गाडी जीपच्या रूपाची नक्कल करते, असं ठरवून तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून 2020 मध्ये तिच्यावर बंदी घातली. दर्शनी भाग बदलल्यावरच तिची वाट मोकळी झाली.

नवी गाडी जुनीचं गिऱ्हाईक पळवते, असं सरसकट म्हणतात. मला वाटतं, ती गिऱ्हाईक निवडून देते. रुबाब हवा पण एसीही हवा, तो शोरूमला जातो. उरतो मूळ पत्रा, मूळ इंजिन शोधणारा. तो जास्त घासाघीस करत नाही. मार खाते ती मधली गाडी: रुंद टायर, कापून वाढवलेली बॉडी, डिस्को दिवे. खरी थार मिळत असताना हिला कोण विचारणार? शिवाय कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावलंय. म्हणजे पासिंगचीही पंचाईत.

अर्थात जुनीच्या भावाचं सगळं श्रेय नव्या नकलेला देऊ नये. इंग्लंडची मिनी 1959 पासून निघत होती, ती 2000 मध्ये थांबली आणि लगेच 2001 मध्ये बीएमडब्ल्यूची नवी मिनी आली. जुनीचा भाव नवीमुळे वाढला की ती संपल्यामुळे, हे कसं वेगळं काढणार?

आपल्याकडे भाव शेवटी कागदांवर अडतो. 2021 च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी आणि फारसा बदल न केलेली लागते. ती मिळाली की रोजचा आणि धंद्याचा वापर बंद. 1985 ची सीजे त्यात बसत नाही. ती नुसतीच जुनी. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. 2010 च्या पहिल्या थारही आता त्याच खिडकीशी पोचल्यात. त्यांचं उत्पादन थांबलंय, सुटे भाग अजून मिळतात. मूळ रूपात राहिलेली एखादी दारात असेल, तर ती नव्या थारच्या बदल्यात देण्याची मी तरी घाई करणार नाही.