१७ अंशांचा हट्ट

गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास थोडक्यात सांगून होतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथे १९०२ साली सुरू झालेल्या या कंपनीने ती १९५२ मध्ये बाजारात आणली. १९५७ पासून तिच्यात सेथ लव्हर यांनी रचलेले, विजेची गुणगुण गिळून टाकणारे हंबकर पिकअप बसू लागले. १९५८ ते १९६० या काळात निघालेल्या, मावळतीच्या रंगछटेतल्या दोन हजारांहून कमी नगांसाठी आज काही लाख डॉलर मोजले जातात. पुढे कारखाना नॅशव्हिलला गेला, २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ती त्यातून सावरलीही. पण महाग वाद्य पारखायचं कसं हे समजून घ्यायचं असेल, तर या इतिहासापेक्षा लेस पॉलच्या दांडीचं टोक अधिक शिकवतं. दांडी संपते आणि खुंट्यांचा हेडस्टॉक मागे कलायला लागतो, ती चार बोटांची जागा.

लाखो रुपयांची गिटार हाती आली की माणूस आधी रंग न्याहाळतो. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर लाल रंग उतरलाय, लॅकरचा ओघळ राहिलाय, यावर तक्रार करण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. मात्र वाजवणाऱ्याच्या बोटांना त्याचा काही उपद्रव नसतो. उपद्रव होतो तो तार जिथे टेकते तिथे. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबली, तर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली जाड कागदाएवढी फट राहायला हवी. ती अजिबात नसेल तर दांडीला हवा तेवढा बाक नाही. तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघावं. तिथे तार पूर्ण टेकली असेल तर नटची, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, खाच गरजेपेक्षा खोल गेली आहे. बारीक तार ओढून मींड घेताना सूर मध्येच मरत असेल, तर पुढचा एखादा फ्रेट उंच राहिला आहे. हे सगळं काही मिनिटांत कळतं आणि चांगला कारागीर ते दुरुस्तही करतो. फ्रेटची पातळी तर आता बर्लिनमध्ये तयार झालेलं प्लेक नावाचं संगणकी यंत्र मोजतं आणि घासतं. गिब्सनही ते वापरते, त्यामुळे या किमतीच्या गिटारवर उंच-सखल फ्रेट खपवून घेऊ नयेत.

तरीही दोष म्हणजे काय, हे मोजमापाने ठरत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, ती तार घोडीला हलकेच घासून झणकारावी म्हणूनच. तीच झणझण गिटारच्या फ्रेटवर उठली, तर वाद्य परत पाठवलं जातं. म्हणजे करणाऱ्याच्या मनात होतं ते उतरलं का, ही पहिली कसोटी. लेस पॉल इथेच कोड्यात टाकते, कारण तिचा सगळ्यात मोठा दोष हातून झालेला नाही. तो ठरवून केलेला आहे.

ही दांडी परंपरेने महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापतात. लाकडाचे तंतू दांडीच्या लांबीने सरळ धावतात आणि हेडस्टॉक १७ अंशांनी मागे झुकतो. त्यामुळे हेडस्टॉकमध्ये तेच तंतू तिरके छेदले जातात. त्याची जाडी दीडएक सेंटिमीटर धरली, तर हिशेबाने एकही तंतू तिथे सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा लांब राहत नाही. त्यात भर म्हणजे, दांडीतल्या पोलादी कांबीचा नट फिरवता यावा यासाठी, घंटेच्या आकाराच्या छोट्या झाकणाखाली, नेमकं याच जागी लाकूड कोरून काढलेलं असतं. सहा तारांचा मिळून चाळीसएक किलोंचा ताण याच टोकाला पुढे ओढत असतो. गिटार स्टँडवरून मागे पडली की जड खुंट्यांसकट हेडस्टॉकला हिसका बसतो आणि दांडी तंतूंच्या रेषेतच दुभंगते. पेटीत असलेली गिटारही अशी मोडते. फेंडर कंपनीच्या गिटारींच्या मेपलच्या दांडीला ही भीती फारच कमी, कारण तिचा हेडस्टॉक झुकवलेलाच नाही. आणि स्वस्तातल्या कित्येक गिटारींत लाकूड वाचवण्यासाठी दांडी तिरकी कापून, तुकडा उलटून चिकटवतात. तिथे तंतू हेडस्टॉकच्याही लांबीने धावतात. स्वस्ताईची खूण मानला जाणारा हा सांधा महागड्या अखंड लाकडापेक्षा इथे जास्त मजबूत ठरतो.

कोन हवाच, नाहीतर तार नटवर घट्ट बसत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो निम्मा खरा आहे. फेंडरला सपाट हेडस्टॉकपायी तार दाबून धरणाऱ्या चिमट्या लावाव्या लागतात, हे मान्य. पण दाब हवा म्हणून १७च अंश कशाला? खुद्द गिब्सनने साठच्या दशकात हा कोन १४वर आणला होता. तंतूची लांबी त्याने पाचवा हिस्साच वाढते, म्हणून १९७०च्या सुमारास मागच्या बाजूला लाकडाचा उंचवटा ठेवला आणि दांडी तीन पट्ट्या जोडून केली. तिन्ही उपाय योग्य होते. पण त्या काळातल्या गिब्सनची इतर कामं ढिसाळ म्हणून बदनाम झाली आणि त्या बदनामीत हा उंचवटाही वाईट काळाची खूण ठरला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो गेला. जुना कोनही परतला. मला यात कारखान्यापेक्षा गिऱ्हाइकाचा दोष अधिक दिसतो. त्याने १९५९ची प्रतिकृती मागितली आणि ती दुबळेपणासकट त्याला मिळाली.

दोषातूनच स्वभाव येतो, असंही म्हणतात. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं होतं आणि दोन्ही पिकअप मिळून निघणारा तिचा पोकळ, नाकातला सूर प्रसिद्ध झाला. पण चुंबक पुन्हा सुलटं करता येतं. दुभंगलेल्या दांडीतून मात्र कोणताच नवा सूर निघत नाही.

खरी अडचण जुनी गिटार घेताना येते. नीट चिकटवलेला सांधा मूळ लाकडाहून मजबूत असू शकतो, वाजवायला काही फरक पडत नाही, तरी बाजारात अशा गिटारची किंमत निम्म्यावर येते असं धरतात. म्हणून दुरुस्ती लपवली जाते. जुनं नायट्रो लॅकर अतिनील दिव्याखाली पिवळट-हिरवं चमकतं आणि नंतर मारलेला थर गडद डागासारखा वेगळा दिसतो. दुरुस्ती उघडी पडते ती बहुधा अशी. पण जुन्या लॅकरला वयाने बारीक तडे जातातच, आणि २०२१ पासून गिब्सनची मर्फी लॅब नव्या गिटारींवरही ते मुद्दाम पाडून जास्त किमतीला विकते. त्या जाळीत लाकडाची खरी चीर सहज लपते. ती ओळखायला आधी हेडस्टॉकवरच्या त्या घंटेच्या आकाराच्या झाकणाचे स्क्रू काढून आतल्या कोरलेल्या खाचेच्या कडा बघाव्या लागतात, कारण तिथे लॅकरचा पडदा नसतो. मग तारा ताणलेल्या असताना आणि सैल केल्यावर, दोन्ही वेळा, मागची प्रत्येक रेघ नखाने तपासावी. ताणाबरोबर रेघ उघडत-मिटत असेल तर चीर लाकडात आहे. विकणारा तारा सैल करू देत नसेल, तर ती गिटार घेऊ नये.