विचारायला हवं होतं

तेव्हाच्या औरंगाबाद शहरात शिवसेनेची पहिली शाखा निघाली 8 जून 1985 ला. चाळीस वर्षं उलटली, आणि आज आमच्या शहरात शिवसेना दोन आहेत. गळ्यातलं उपरणं भगवंच, भिंतीवरचा फोटो बाळासाहेबांचाच. आपण मत दिलं ती यातली कुठली, असं माझ्या पिढीच्या मतदाराला कुणी विचारलं तर उत्तर देताना घसा दाटतो.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. 1977 च्या लाटेत बापू काळदाते इथून खासदार झाले, त्यांची भाषणं ऐकायला लोक सायकली मारत यायचे. मग 1980 ला काँग्रेसचे काझी सलीम, 1984 ला साहेबराव डोणगावकर. कुणीही निवडून आलं तरी गल्लीतल्या माणसाच्या दिवसात फरक पडत नसे.

फरक पडला तो 1985 नंतरच्या दहा वर्षांत. वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वैजापूर, कन्नड, गंगापूरकडची पोरं शहरात आली. पत्र्याच्या खोल्यांत चौघं-पाचजण राहायची, पाळीप्रमाणे झोपायची. जिल्हा बँक, साखर कारखाने, शिक्षणसंस्था सगळं ठरावीक घराण्यांच्या हातात होतं, तिथे या पोरांना दारातही कुणी उभं करत नव्हतं. त्यांना शाखेनं बसायला बाकडं दिलं. आमच्या चौकात एक काळा फळा होता. आज कोणाला रक्त हवंय, कोणत्या दुकानात रॉकेल आलंय, कोणाचं शिधापत्रिकेचं काम अडलंय, हे सकाळी त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. रात्री दीडला घाटी रुग्णालयात रुग्ण न्यायचा तर लोक नगरसेवकाच्या घरी जात नसत, शाखाप्रमुखाची कडी वाजवत.

1988 ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेनेनं 27 जागा घेतल्या. 8 मे 1988 ला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेबांनी शहराला संभाजीनगर म्हटलं. त्याच मे महिन्यात दंगल पेटली, तीही मी पाहिली. त्या पक्षाच्या भाषणांतली धर्माची धार मला तेव्हा मानवली नाही, आजही मानवत नाही. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्याच्या मागे ना कारखाना ना संस्था, असा माणूस इथे पहिल्यांदा आमदार होऊ शकला. संदिपान भुमरे साखर कारखान्यातले कामगार होते, संजय शिरसाट रिक्षा चालवत. भुमऱ्यांना 1995 ला पैठणनं विधानसभेत पाठवलं, तेव्हा खेड्यातल्या कामगाराला वाटलं की आपलाच कुणी मुंबईला चालला. शिरसाटांना 2009 पासून पश्चिम मतदारसंघानं असाच जीव लावला.

1985 नंतरच्या त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. डिसेंबर 1991 मध्ये छगन भुजबळांनी आमदारांचा गट घेऊन शिवसेना सोडली. तेव्हाच्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश फुटले की पद वाचत असे. पण 1995 ला माझगावच्या मतदारांनी भुजबळांना पाडलं, बाळा नांदगावकरांना निवडलं. कायद्यानं सोडलं तरी मतदार सोडत नाही, हा विश्वास आम्ही तिथून घेतला. दहा वर्षांनी, 2005 मध्ये, नारायण राणे बाहेर पडले. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणला पोटनिवडणूक लढवली आणि काँग्रेसच्या चिन्हावर जिंकून आले. राण्यांचं बाकी काही पटो न पटो, त्यांनी लोकांना विचारलं.

मधली वर्षं वगळतो. चंद्रकांत खैरे 1999 पासून वीस वर्षं खासदार राहिले, नळाला पाणी मात्र दिवसाआड, मग चौथ्या दिवशी, मग आठव्या दिवशी. 2019 ला ते 4,492 मतांनी पडले. त्याच वर्षी विधानसभेला जिल्ह्यातल्या नऊपैकी सहा जागा शिवसेनेला मिळाल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण तारखा विसरता येत नाहीत. 8 जून 2022 ला, शाखेच्या वर्धापनदिनी, सांस्कृतिक मंडळाच्या त्याच मैदानावर उद्धव ठाकरेंची सभा झाली. तेराव्या दिवशी, 21 जूनला, एकनाथ शिंदेंबरोबर आमदार सुरतेत. जिल्ह्यातल्या सहापैकी पाचजण गेले: भुमरे, शिरसाट, प्रदीप जैस्वाल, रमेश बोरनारे आणि अब्दुल सत्तार. 29 जूनला ठाकरेंच्या मंत्रिमंडळानं शहराच्या नामांतराला मंजुरी दिली आणि त्याच रात्री ठाकरेंनी राजीनामा दिला. ज्या नावासाठी चौतीस वर्षं घोषणा दिल्या, ते हाती आलं तेव्हा पेढे वाटायची कुणाची इच्छा उरली नव्हती.

शिरसाटांनी ठाकरेंना पत्र लिहून सांगितलं होतं की मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याची दारं आमच्यासाठी बंद होती. त्यात तथ्य असणार. काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर बसणं ही 2019 चीच तडजोड होती, हेही खरं. पण सत्तार सप्टेंबर 2019 मध्ये काँग्रेसमधून आले होते. हिंदुत्वाच्या ओढीनं गेलो हे कारण त्यांच्या तोंडी शोभत नाही. खोक्यांच्या घोषणा मी दिल्या नाहीत, हाती पुरावा नसताना कुणाला चोर म्हणणं मला जमत नाही. माझी तक्रार एवढीच की पाचातल्या एकानंही राण्यांसारखा राजीनामा देऊन मत मागितलं नाही. 17 फेब्रुवारी 2023 ला धनुष्यबाण निवडणूक आयोगानं शिंदेंना दिला, 10 जानेवारी 2024 ला आमदारकी विधानसभा अध्यक्षांनी राखली. ज्यांनी बोटाला शाई लावून घेतली होती ते या सगळ्यात कुठेच नव्हते.

आणि मग आम्हाला विचारलं गेलं, दोन-अडीच वर्षांनी. लोकसभेला भुमरे एक लाख चौतीस हजारांवर मतांनी जिंकले, खैरे तिसरे आले. विधानसभेला शिरसाट, जैस्वाल, बोरनारे, सत्तार पुन्हा निवडून आले, पैठणला भुमऱ्यांचे चिरंजीव विलास आले, जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीला गेल्या. कुणी लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये सांगतं, कुणी हिंदू-मुसलमान मतांचं गणित. दोन्ही खरी असतील. पण अडीच वर्षं चहाच्या टपरीवर 'गद्दार' म्हणणाऱ्यांना मी ओळखतो, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी धनुष्यबाणाचंच बटण दाबलं हेही मला ठाऊक आहे. रागावलेला मतदार नव्वदच्या दशकात रागाला जागायचा.

सहावे आमदार कन्नडचे उदयसिंग राजपूत. ते सुरतेला गेले नाहीत, गुवाहाटीला गेले नाहीत, ज्या चिन्हावर आम्ही मत दिलं त्या पक्षाबरोबर थांबले. 2024 ला कन्नडकरांनी त्यांना पाडलं आणि शिंदेंच्या शिवसेनेच्या संजना जाधव यांना निवडून दिलं. पाचजण गेल्याचं दुःख मला झालंच, पण राजपूत पडल्याचं त्याहून जास्त झालं, कारण ते काम कुठल्या आमदारानं केलेलं नाही.