सलग छटेमागचे गणित

एका रंगाचे दुसऱ्या रंगात टप्प्याटप्प्याने होणारे रूपांतर मुद्रणव्यवसायात ग्रेडियंट या नावाने ओळखले जाते. मुखपृष्ठांपासून जाहिरातींपर्यंत ते इतक्या सहजपणे वापरले जाते की, त्यामागे संगणकाचे गणित, छपाईचे तंत्र आणि दृष्टीचे शरीरशास्त्र या तिन्हींचा मेळ लागतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. हा मेळ साधला तर छटा सलग दिसते आणि चुकला तर तिच्यात पट्टे उमटतात किंवा मधला भाग मळकट होतो.

इनडिझाइन, क्वार्कएक्सप्रेस किंवा स्क्रायबस यांसारखी पृष्ठरचनेची सॉफ्टवेअरे ग्रेडियंट चित्र म्हणून साठवत नाहीत, तर सूत्र म्हणून साठवतात. या सूत्रात कोणता रंग कोणत्या ठिकाणी पूर्णत्वाने असावा हे सांगणारे स्टॉप, म्हणजे रंगांची निश्चित स्थाने, असतात आणि दोन स्टॉपमधील प्रत्येक छटा अंतर्वेशनाने, म्हणजे दोन ज्ञात मूल्यांमधील मूल्ये प्रमाणशीर काढण्याच्या पद्धतीने, मोजली जाते. रेषीय प्रकारात ही छटा एका दिशेने बदलते आणि तिचा कोन ठरवता येतो, तर वर्तुळाकार प्रकारात ती केंद्रापासून कडेकडे पसरते. इनडिझाइनमध्ये दोन स्टॉपच्या मधोमध असणारा मध्यबिंदू ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर सरकवला, तर दोन्ही रंगांचे समसमान मिश्रण ३० टक्के अंतरावरच येते आणि उरलेला बदल पुढच्या ७० टक्के जागेत संथपणे पसरतो.

ही आकडेमोड रंगाच्या प्रत्येक घटकावर स्वतंत्रपणे होत असल्यामुळे मधला रंग अनेकदा अनपेक्षित निघतो. १०० टक्के सियान आणि १०० टक्के मॅजेंटा यांचा जांभळट निळा एका टोकाला आणि १०० टक्के यलो दुसऱ्या टोकाला ठेवला, तर मध्यावर तिन्ही शाया ५० टक्के येतात आणि त्यांच्या एकत्र छपाईतून तपकिरीकडे झुकणारा निस्तेज करडा रंग तयार होतो. अशा वेळी मध्ये शुद्ध मॅजेंटाचा आणखी एक स्टॉप दिल्यास संक्रमण तेजस्वी रंगांच्या वाटेने जाते. काळ्याकडून मॅजेंटाकडे जाणारी छटाही अशीच फिकटते, कारण काळा कमी होत असताना मॅजेंटा शून्यापासून वाढत असतो. काळ्या टोकातच १०० टक्के मॅजेंटा मिसळून ठेवला, तर केवळ काळ्याचे प्रमाण बदलते आणि रंगाचा गडदपणा शेवटपर्यंत टिकतो.

कागदावर उतरताना या सूत्रापुढे आणखी एक मर्यादा येते. ऑफसेट यंत्र शाई पातळ करून फिकी छटा छापू शकत नाही. ते लहानमोठ्या टिंबांची जाळी छापते आणि डोळा त्या टिंबांची व कागदाच्या पांढरेपणाची सरासरी घेतो, ज्याला हाफटोन म्हणतात. प्लेट तयार करणारे यंत्र इंचाला २४०० बिंदू काढत असेल आणि जाळीच्या ओळी इंचाला १५० असतील, तर प्रत्येक टिंबाच्या वाट्याला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ बिंदूंचा चौकोन येतो आणि एका शाईच्या सुमारे २५६ छटा मिळतात. बिंदू १२०० आणि ओळी १०० असतील, तर हीच संख्या १४४ वर येते. आता २५ सेंटिमीटर उंचीच्या पानावर काळा रंग २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत न्यायचा असेल, तर २५६ पैकी ३० टक्के, म्हणजे सुमारे ७७ पायऱ्या हाती लागतात आणि प्रत्येक पायरी सव्वातीन मिलिमीटर रुंद होते. १४४ छटांच्या छपाईत ती जवळपास सहा मिलिमीटरची होते.

इतकी रुंद पायरी डोळ्याला चटकन जाणवते, कारण डोळा तेज मोजण्यापेक्षा तेजातील बदल टिपण्यात अधिक तरबेज आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे दोन छटांच्या सीमेवर फिकी बाजू अधिक फिकी आणि गडद बाजू अधिक गडद भासते, आणि या भासमान रेघांना माख पट्टे म्हणतात. दृष्टिपटलातील उत्तेजित पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात, हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते. वस्तूंच्या कडा ओळखण्यास मदत करणारी ही यंत्रणा ग्रेडियंटमधील किरकोळ फरकही ठळक करून दाखवते.

यावरील उपाय या कारणांतूनच निघतात. दोन टोकांमधील टक्केवारीचा फरक वाढवला किंवा ग्रेडियंटची लांबी कमी केली, तर पायऱ्या अरुंद होतात. प्रतिमा-संपादनात तयार केलेल्या ग्रेडियंटमध्ये थोडा नॉइज, म्हणजे छटांचा अनियमित विखुरलेपणा, मिसळला तर सीमारेषा तुटतात आणि पट्टे विरतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून टिंबे फुगतात व मधल्या छटा सर्वाधिक गडद होतात. या डॉट गेनची भरपाई प्लेट बनवताना केली जाते, तरीही छटा जड वाटल्यास मध्यबिंदू गडद टोकाकडे सरकवणे हिताचे ठरते. याउलट, अगदी लहान टिंबे अशा कागदावर टिकत नाहीत, म्हणून शून्यापर्यंत जाणारी छटा शेवटी अचानक तुटते आणि ती दोन-तीन टक्क्यांवर थांबवणे अधिक सुरक्षित असते.

पडदा स्वतः प्रकाशमान असतो आणि कागद मात्र प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे पडद्यावरच्या सफाईवरून छपाईचा निर्णय घेणे धोक्याचे असते. काम छापखान्याकडे पाठवण्यापूर्वी जाळीच्या ओळी आणि प्लेटचे बिंदू विचारून पायरीची रुंदी मोजावी, चारही शायांच्या प्लेटा पडद्यावर वेगवेगळ्या तपासाव्यात आणि ज्या कागदावर छपाई होणार आहे त्याच कागदावर प्रूफ काढून पाहावे. या साध्या शिस्तीत वाचकाच्या दृष्टीबद्दलचा आदर सामावलेला आहे.