संगणकाच्या भाषेचाही पूर्वेतिहास जपायला हवा

१९६० सालची गोष्ट. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले एक अधिकारी चार्ल्स फिलिप्स यांच्या नावाने एक जड पार्सल आले. उघडून पाहतात तो आत थडग्यावर लावतात तसा संगमरवरी दगड! वर एक कोकरू कोरलेले आणि त्याखाली एकच शब्द, ‘कोबोल’.

कोबोल ही तेव्हा नुकतीच जन्माला येत असलेली संगणकाची भाषा होती आणि फिलिप्स त्या प्रकल्पाचे सरकारी पालक होते. समित्यांच्या बैठकांमागून बैठका होत होत्या, पण काम पुढे सरकत नव्हते. समितीचे एक सदस्य हॉवर्ड ब्रॉम्बर्ग त्याला इतके वैतागले की, या भाषेचे मरण अटळ आहे असे समजून त्यांनी हा दगडच विकत घेतला. ‘हे कसले नाव?’ असे दुकानदाराने विचारले तेव्हा ‘पोलिश आहे’ अशी थाप मारून ते मोकळे झाले.

तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू येथील कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पण नुसता दगड पाहून यातले काय कळते? कोणी पाठवला, का पाठवला, तेव्हा भांडण कशावरून चालले होते, हे दगडावर कुठेच लिहिलेले नाही. ब्रॉम्बर्ग यांनी पुढे तो किस्सा सांगितला म्हणून आपल्याला ठाऊक झाला. संगणकाच्या भाषांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. वस्तू उरते, कोड उरतो; त्यामागचे कारण मात्र माणसांच्या डोक्यात असते आणि माणसांबरोबरच जाते.

तात्पुरती म्हणून केलेली सोय

१९५०च्या दशकात प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी असे. एका यंत्रासाठी लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर चालत नसे. संगणक बदलला की सगळे काम पहिल्यापासून. बरोज कंपनीत काम करणाऱ्या मेरी हॉज यांनी १९५९ साली सर्वांसाठी एकच व्यावसायिक भाषा असावी अशी सूचना मांडली. त्याच वर्षी २८ आणि २९ मे रोजी पेंटागॉनमध्ये संगणक कंपन्या, त्यांचे ग्राहक आणि सरकारी अधिकारी यांची बैठक झाली. त्यातूनच ‘कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज’, म्हणजे कोबोल, तयार झाली.

भाषेचा आराखडा प्रत्यक्षात सहा जणांच्या एका छोट्या गटाने बसवला. त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन स्त्रिया होत्या. गंमत अशी की, त्यांच्या समितीचे नावच ‘अल्प मुदतीची समिती’ असे होते. तिने थोड्या वर्षांपुरती सोय करायची आणि मग दीर्घ मुदतीची समिती सावकाश विचार करून खरी भाषा घडवील, अशी योजना होती. ती दीर्घ मुदतीची समिती कधी बसलीच नाही. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला आणि ‘तात्पुरती’ भाषा कायमची झाली.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या मोठ्या संगणकांवर कोबोलचे प्रोग्राम अजूनही चालतात. एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, अमेरिकेत बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला. तेव्हा न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचे आवाहन केले. जिच्यासाठी साठ वर्षांपूर्वी थडग्याचा दगड आणला होता, ती भाषा धडधाकट होती. कमतरता होती ती तिला ओळखणाऱ्या माणसांची.

आधीचे कागद आणलेत का?

नव्या डॉक्टरांकडे गेलो की ते सर्वप्रथम विचारतात, ‘आधीचे कागद आणलेत का?’ पोटावरचा जुना व्रण दिसतो, पण शस्त्रक्रिया कशाची झाली होती हे व्रण सांगत नाही. ते रुग्णाला किंवा घरच्यांना विचारावे लागते. जुन्या प्रोग्रामचेही असेच असते. एखादी विचित्र ओळ दिसते, पण ती चूक आहे की कोणी विचार करून घातलेली तोड आहे, हे केवळ ओळ वाचून समजत नाही. नीट न समजता ती काढली, तर वर्षातून एकदाच होणारा एखादा हिशेब कोसळू शकतो.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे ‘वाय टू के’. वर्ष लिहिताना चार आकड्यांऐवजी दोनच लिहायचे, १९६५च्या जागी नुसते ६५, ही पद्धत पुढे जगभर डोकेदुखी ठरली. सन २००० उजाडताच संगणकाला ते १९०० वाटण्याची भीती होती. आज कोणीही म्हणेल, केवढा हा निष्काळजीपणा! पण त्या काळात माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर साठवत आणि एका कार्डावर जेमतेम ८० रकाने असत. संगणकाची स्मृती तर सोन्याच्या भावाची होती. प्रत्येक तारखेमागे दोन रकाने वाचवणे हा तेव्हा शहाणपणा होता. आपले प्रोग्राम एवढी वर्षे टिकतील असे बहुतेकांना वाटले नव्हते. बॉब बेमर यांच्यासारख्या जाणकाराने १९७१मध्येच धोक्याची सूचना लेखातून दिली होती, पण फारसे कोणी मनावर घेतले नाही. कारण माहीत असले की पूर्वजांना दोष देण्याऐवजी त्यांच्याकडून शिकता येते.

श्रेय कोणाचे?

हे सर्वांआधी ओळखले ते कोबोलच्याच जीन सॅमेट यांनी. संगणकक्षेत्रातली ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ ही मोठी संस्था. सॅमेट तिच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यांच्या पुढाकाराने जून १९७८मध्ये लॉस एंजेलिसला केवळ प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासासाठी परिषद भरली. फोरट्रानवर जॉन बॅकस बोलले, लिस्पवर जॉन मॅकार्थी, तर कोबोलवर स्वतः सॅमेट. एकूण १३ भाषांचा इतिहास त्या त्या भाषेच्या घडणीत सामील असलेल्यांकडूनच घेतला गेला. लेखकांना आधीच प्रश्न पाठवले होते. भाषेत काय आहे एवढेच सांगू नका. ते तसे का ठरवले, कोणते पर्याय टाकून दिले, गटात कोण कोण होते, हे लिहा. बॅकस २००७मध्ये गेले, मॅकार्थी २०११मध्ये, सॅमेट २०१७मध्ये. तेव्हा विचारले नसते तर आज विचारायला कोणीच नव्हते.

इतिहास न जपल्याने श्रेयाची वाटणीही चुकते. ग्रेस हॉपर यांचा उल्लेख ‘कोबोलची जननी’ असा सर्रास होतो. हॉपर यांचे काम मोठेच. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेचा कोबोलवर ठळक प्रभाव आहे. पण आराखडा बसवणाऱ्या सहा जणांत त्या नव्हत्या, हे सॅमेट यांनी अनेक वर्षे आग्रहाने मांडले. एक मोठे नाव लक्षात राहते आणि बाकीची गळतात. टियर्नी किंवा मेरी हॉज ही नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली होती?

कोड जपला, गोष्ट राहिली

कोड जपण्याचे प्रयत्न आता चांगले चालू आहेत. फ्रान्समधल्या ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेने २०१६मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प जाहीर केला. जगभरचा खुला कोड तिथे साठवला जातो आणि युनेस्को त्यात भागीदार आहे. २०२०मध्ये ‘गिटहब’ने असाच मोठा साठा खास फिल्मवर उतरवून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, एका जुन्या कोळसा खाणीत ठेवला. पण बर्फातल्या खाणीत कोड ठेवता येतो, समितीतला वाद ठेवता येत नाही. त्यासाठी पत्रे, बैठकांची टिपणे आणि मुलाखती लागतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातली चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट हे काम करते. कोबोलचा कारभार पाहणाऱ्या समितीची कागदपत्रेही तिथे आहेत.

आपल्या घरातला इतिहास

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९९०च्या दशकात ‘वाय टू के’च्या दुरुस्तीचे काम भारतीय कंपन्यांकडे मोठ्या प्रमाणावर आले. पुण्या-मुंबईत कोबोल शिकवणारे क्लास भरू लागले. अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यातल्या कचेऱ्यांत बसून मराठी मुलामुलींनी परदेशी बँकांचे हजारो ओळींचे प्रोग्राम ओळ न् ओळ तपासले. त्यांतले कित्येक जण त्या निमित्ताने पहिल्यांदा विमानात बसले. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री जग नव्या सहस्रकाचे स्वागत करत असताना ते संगणकासमोर जागत होते. काही मोठे बिघडले नाही, म्हणून त्यांच्या कामाची आठवणही राहिली नाही. ही पिढी आता पन्नाशी-साठीत आहे.

आपल्या घरात, सोसायटीत अशी कोणी व्यक्ती असेल तर तिच्याशी बोला. मोबाइलवर तासाभराचे ध्वनिमुद्रण करायला खर्च येत नाही. ‘काय केले?’ यापेक्षा ‘असे का केले?’ हे विचारा. सोबत कोण होते, ती नावे घ्या. कंपनीचा कोड किंवा गोपनीय माहिती यात नको, आठवणी पुरेत. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे आणि साल लिहून ठेवा. जुन्या वह्या आणि हस्तपुस्तिका रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. माळ्यावर फ्लॉपी असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. आपल्या पावसाळी, दमट हवेत त्यांच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते आणि त्या वाचणारे यंत्रही सहज मिळत नाही. जे वाचता येईल ते आजच नव्या जागी उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा.

कोबोलला थडग्याच्या दगडाची गरज पडली नाही. ती आणखी बरीच वर्षे चालेल असे दिसते. पण तिच्याविषयीचे ‘का?’ ज्यांना विचारायचे, ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा येत्या रविवारी चहाच्या वेळी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेजारच्या काकांना किंवा मावशींना विचारा, ‘त्या ३१ डिसेंबरच्या रात्री तुम्ही कुठे होतात?’