स्वतंत्र कृषी सल्लागार : विश्वासावर उभा राहणारा व्यवसाय

फळछाटणीनंतरचे पहिले काही आठवडे द्राक्ष बागायतदाराची झोप उडवणारे असतात. ऑक्टोबरमध्ये नाशिक किंवा सांगली जिल्ह्यात परतीचा पाऊस रेंगाळला, की कोवळ्या फुटींवर केवडा रोग येण्याची भीती दाटून येते. अशा वेळी बागायतदाराचा पहिला दूरध्वनी त्याच्या सल्लागाराला जातो. पलीकडून एखाद्या बुरशीनाशकाचे नाव सांगितले जाईल, अशी त्याची अपेक्षा असते. कधी मात्र उत्तर येते, ‘परवाच आंतरप्रवाही औषध दिले आहे, त्याचा परिणाम अजून टिकून आहे. आज पुन्हा फवारू नका; सकाळी येऊन पाने पाहतो.’

स्वतंत्र सल्लागाराच्या व्यवसायाची खरी परीक्षा या उत्तरात आहे. औषध विकले गेले नाही तर ज्याची मिळकत बुडते, त्याच्या तोंडून हे वाक्य सहसा निघत नाही. म्हणून या व्यवसायातील यशाचा विचार करताना पदवी, अनुभव आणि संभाषणकौशल्य यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : सल्लागाराला पैसे नेमके कोण देतो?

मोफत सल्ल्याच्या काळात विकतचा सल्ला

कृषी सल्ला देशात मोफत उपलब्ध आहे. २००४ मध्ये सुरू झालेली किसान कॉल सेंटरची सेवा २२ भाषांत माहिती देते. देशभर सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे कार्यरत आहेत. त्यांतील पहिले १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे स्थापन झाले. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी पुस्तिकांतून आणि भ्रमणध्वनीवरून बांधावर पोहोचतात. मग शेतकऱ्याने सल्ल्यासाठी पैसे का मोजावेत?

याचे उत्तर शिफारस आणि निर्णय यांतील अंतरात आहे. शिफारस पिकासाठी असते. निर्णय मात्र एका विशिष्ट प्लॉटसाठी, विशिष्ट दिवशी घ्यावा लागतो. जमीन हलकी की भारी, पाणी किती क्षारयुक्त, मागील फवारणी कोणत्या घटकाची होती, मजूर केव्हा मिळणार, बाजार स्थानिक की निर्यातीचा, या सर्वांचा मेळ घालून ‘आज काय करावे’ हे ठरते. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. प्रत्येक प्लॉटवर पंधरा दिवसांनी जाणे त्याला शक्य नसते. स्वतंत्र सल्लागार ही उणीव भरून काढतो. माहिती सर्वत्र मिळू लागली आहे. प्लॉटवर येऊन पाहणारी जाणती नजर मात्र अजूनही दुर्मिळ आहे, आणि मोल तिचेच आहे.

मिळकतीचे गणित

या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कागदावर हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, एक सल्लागार दिवसाला सहा प्लॉट पाहतो आणि महिन्यात २५ दिवस फिरतो असे धरू. महिन्याच्या भेटी होतात १५०. प्रत्येक प्लॉटला पंधरवड्यातून एकदा भेट द्यायची, तर तो जास्तीत जास्त ७५ प्लॉट सांभाळू शकेल. पावसाचे दिवस, आजारपण आणि अचानक आलेली बोलावणी वजा केली, तर ५० प्लॉट ही व्यवहार्य मर्यादा ठरते.

प्रत्येक प्लॉट सरासरी दोन एकरांचा आणि एकरी हंगामी शुल्क २,००० रुपये धरले, तर दहा महिन्यांच्या हंगामाचे एकूण २ लाख रुपये होतात. रोज ६० किलोमीटर दुचाकी चालवल्यास महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. त्यांच्या इंधनाचे ३० हजार, दुरुस्ती, दूरध्वनी व किरकोळ साधनांचे २५ हजार आणि दहा टक्के थकबाकीचे २० हजार वजा केल्यास सव्वा लाख रुपये उरतात. म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. पीक आणि परिसराप्रमाणे ते बदलतील. परंतु त्यांतून दिसणारी अडचण सार्वत्रिक आहे. कमी शुल्कात प्रामाणिक सल्लागार टिकत नाही, आणि टिकण्यासाठी तो निविष्ठांच्या कमिशनकडे वळला, की त्याचा सल्ला औषधाच्या बाटलीला बांधला जातो.

शुल्क ४,००० रुपये केले, तर हेच उत्पन्न खर्च व थकबाकी वजा जाता सुमारे ३ लाखांवर जाते. वाढलेले २,००० रुपये शेतकऱ्याला परवडतात का? औषध, इंधन आणि मजुरी मिळून एका फवारणीचा एकरी खर्च १,००० रुपये धरला, तर हंगामात केवळ दोन अनावश्यक फवारण्या टळल्या तरी ही रक्कम भरून निघते. हा हिशेब शेतकऱ्यासमोर हंगामाच्या आरंभीच मांडणे, शुल्काचे हप्ते पिकाच्या अवस्थांशी जोडणे आणि पहिला हप्ता आगाऊ घेणे, ही या व्यवसायाची मूलभूत शिस्त आहे. संपूर्ण शुल्क काढणीनंतर घेण्याचे कबूल करणारा सल्लागार शेतकऱ्याच्या भावातील जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो.

अनेक यशस्वी सल्लागार निविष्ठा विक्री केंद्रही चालवतात. त्यात गैर काही नाही. मात्र दोन्ही व्यवहार वेगळे दिसले पाहिजेत. सल्ल्याच्या चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी सक्रिय घटक, त्याचे प्रमाण आणि मात्रा लिहिली, तर शेतकरी कोणत्याही दुकानातून खरेदी करण्यास मोकळा राहतो. एवढ्या साध्या सवयीने विश्वास दृढ होतो.

आधी मोजणी, नंतर शिफारस

शिफारशीला आधार मोजणीचा हवा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी निरीक्षणाचे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावले जातात. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळले, अथवा दहा टक्के फुले किंवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली गेली असे मानतात. सापळ्यातील पतंग मोजून वहीत नोंदवणारा सल्लागार ‘फवारा’ किंवा ‘थांबा’ यांपैकी काहीही म्हणाला, तरी त्याच्या शब्दाला वजन असते. बांधावर उभे राहून अंदाजाने औषध सांगणाऱ्याला ते लाभत नाही.

चुकीच्या सल्ल्याची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण घेतले. एकाच टाकीत अनेक रसायने मिसळण्याची प्रथा आणि संरक्षक साधनांचा अभाव या दोन्ही गोष्टी तेव्हा चव्हाट्यावर आल्या. म्हणून सल्ल्याच्या चिठ्ठीत काय मिसळू नये, कोणत्या वेळी फवारू नये आणि हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांचा वापर कसा करावा, हेही लिहिलेले असले पाहिजे. फवारणी करणारा मजूर सल्लागाराला शुल्क देत नाही. तरीही त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर येतेच.

लेखी नोंदीचे बळ

२०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने युरोपात अनेक कंटेनर अडकले. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी हे रसायन बागांमध्ये वापरले जात होते. निर्यातदार आणि बागायतदार यांना त्या हंगामात मोठा आर्थिक फटका बसला. या प्रसंगाने एक धडा दिला : बागेत काय, केव्हा आणि किती वापरले याची लेखी नोंद नसेल, तर चूक शोधता येत नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध करता येत नाही.

स्वतंत्र सल्लागाराकडे कार्यालय नसते, वरिष्ठ नसतो, शिक्का नसतो. त्याची वही हेच त्याचे कार्यालय. प्रत्येक भेटीची तारीख, पिकाची अवस्था, निरीक्षण, शिफारस आणि तिचा परिणाम अशा पाच रकान्यांची नोंद दोन प्रतींत ठेवावी. एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी. शिफारस करताना ते रसायन त्या पिकासाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणीकृत आहे का, म्हणजेच त्याला लेबल क्लेम आहे का, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबावे लागेल, हे तपासणे आवश्यक आहे. तीन हंगामांची अशी वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलते. स्वतःच्या चुकाही तिच्यातच सापडतात.

मर्यादेची जाण

‘सर्व पिकांचा सल्लागार’ ही ओळख आकर्षक वाटते, परंतु ती फार काळ टिकत नाही. एक किंवा दोन पिके, तीस-चाळीस किलोमीटरचा परिसर आणि एखाद्या विषयातील सखोल अभ्यास, यांतून सल्लागाराची ओळख तयार होते. डाळिंबावरील तेलकट डाग आणि मर या दोन समस्यांचे निदान अचूक करणारा सल्लागार सोलापूर, सांगली पट्ट्यात कधी रिकामा बसत नाही.

त्याचबरोबर ‘हे मला ठाऊक नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवू’ असे म्हणण्याचे धैर्य हवे. माती, पाणी, पान-देठ यांची तपासणी आणि रोगाचे प्रयोगशाळेतील निदान हा सल्लागाराचा पराभव नव्हे. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. जवळचे कृषी विज्ञान केंद्र आणि पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था यांच्याशी नियमित संपर्क ठेवणारा सल्लागार वर्षागणिक अद्ययावत होत जातो. संपर्क तुटलेला सल्लागार जुन्याच शिफारशींवर अडून राहतो.

प्रशिक्षण आणि भांडवल

कृषी पदवीधरांसाठी केंद्र शासनाची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून राबवली जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था, म्हणजेच ‘मॅनेज’, आणि ‘नाबार्ड’ या तिच्या प्रमुख यंत्रणा आहेत. योजनेत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण विनामूल्य दिले जाते. व्यक्तिगत प्रकल्पासाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्प खर्चावर ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ईशान्येकडील व डोंगरी राज्यांतील उमेदवारांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे निकष बँकेकडून तपासून घ्यावेत.

मात्र सल्ल्याच्या व्यवसायाला आरंभी मोठे भांडवल लागत नाही. दुचाकी, दहापट भिंग, सामू व क्षारता मोजणारी छोटी यंत्रे आणि एक वही एवढ्यावर काम सुरू होते. अधिक गरज असते ती पहिली दोन वर्षे तग धरण्याइतक्या शिल्लक रकमेची. कर्ज काढून थाटलेले कार्यालय हप्त्याच्या ओझ्याने सल्लागाराला पुन्हा कमिशनच्या दाराशी नेते.

हाताच्या कौशल्यालाही हाच नियम

स्वतंत्र सेवेची वाट केवळ पदवीधरांसाठी नाही. केरळमध्ये नारळाच्या झाडावर चढणाऱ्या कुशल माणसांची टंचाई भासू लागली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळ वृक्षाचे मित्र’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. यंत्राच्या साहाय्याने चढणे, काढणी आणि पीक संरक्षण हे त्यात शिकवले जाते. सोबत अपघात विम्याचाही विचार केलेला आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना भाड्याने फवारणी सेवा देण्यासाठी ड्रोन पुरवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. कलम बांधणारे, छाटणी करणारे आणि दारी येऊन कृत्रिम रेतन करणारे सेवादातेही याच रांगेतले. दर आधी सांगणे, ठरल्या वेळी पोहोचणे, विमा उतरवणे आणि काम चुकले तर ते मान्य करणे, हे नियम त्यांनाही तितकेच लागू आहेत.

विस्तार यंत्रणेचा वाटा

विस्तार कार्यकर्त्यांनी स्वतंत्र सल्लागारांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहण्याचे कारण नाही. हंगामापूर्वीच्या कार्यशाळेला त्यांना निमंत्रण देणे, वर्षातून काही प्लॉटना एकत्र भेट देणे आणि त्यांच्या नोंदवह्यांतून परिसरातील कीड-रोगांचा कल समजून घेणे, यात दोन्ही बाजूंचा लाभ आहे. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही सल्लागार निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : शुल्काशिवाय आपल्याकडून अथवा विक्रेत्याकडून आणखी काही घेता का, मागील हंगामाची वही दाखवता का, आणि गेल्या वर्षी किती वेळा ‘फवारू नका’ असे सांगितले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या वहीत तारखेसह सापडेल, त्याला शुल्क देताना शेतकऱ्याचा हात आखडणार नाही.